दोघांचं एकमत

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे संशय अंगात मुरलाय. आमची ही म्हणते, तुम्ही स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल. मागेन! निवृत्तीनंतर मान म्हणून उरली ती एवढी पंचगिरी. तिला बट्टा लागलेला मला चालणार नाही.

त्या दिवशी अंतिम सामना, बस डेपो विरुद्ध टपाल खातं. दुसरा पंच माझा धाकटा साडू, आणि डेपोचा गोलंदाज त्याचा सख्खा जावई. आता बोला! टपालाची शेवटची जोडी खेळत होती. सहापर्यंत तग धरला तर सामना अनिर्णित, विकेट पडली तर चषक डेपोचा. साडेपाचला, षटकाचे चार चेंडू झाले असताना, आभाळ भरून आलं. "चेंडू दिसत नाही," मी म्हटलं. साडूनेही मान डोलावली. मी बेल्स उचलल्या आणि सगळे आत गेले.

दहा मिनिटांत साडू आला. "दादा, चला. उरलेले दोन चेंडू टाकून षटक पुरं करू."

"एवढी घाई?"

"उजळलंय की लख्ख."

लख्ख! मला तर खेळपट्टीवर नुसता धूर दिसत होता. मी मनात म्हटलं, जावयाचं कौतुक बोलतंय हे. नियम माझ्या बाजूने होता. थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायचा तर दोन्ही पंचांचं एकमत लागतं.

"माझं मत नाही," मी ठणकावलं. "जावई तुझा असेल, नियम नाही."

साडूचा चेहरा पडला. "दादा, काय बोलताय हे?" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तेवढ्यात टपालाचा फलंदाज हेल्मेट घालत आला. अंधार राहिला तर ह्याचंच भलं. मी साडूला म्हटलं, "विचार ह्याला. हा तर तुझा कोणी लागत नाही ना?"

फलंदाज गोंधळला. आधी साडूकडे, मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "काका, ऊन पडलंय. आम्हाला परवडणारं नाही, पण पडलंय."

मानेला ऊन लागत होतं, चांगलाच चटका देत होतं, आणि समोर तोच धूर. मोसमभर किती झेल, किती पायचीत मी ह्याच डोळ्यांनी दिले असतील?

मी पांढरा कोट काढला, राखीव पंचाला बोलावून त्याच्या हातात दिला. "षटकाचे दोन चेंडू बाकी आहेत," म्हणालो, "आणि माझं एकमत आहे."

सीमारेषेबाहेर खुर्चीत जाऊन बसलो. "प्ले!" साडूचा आवाज आला. मग एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला. विकेट पडली का, ते मी शेजारच्याला विचारलं.