एक्केचाळीस ठिपके

मित्रांनो, तीन चाकं आणि धरायला एक आडवा दांडा, एवढाच माझा देह. मी अणदूरचा एक जुना पांगुळगाडा आहे. बब्रुवान सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. मला धरून लेकरं चालायला शिकत.

मी कुणा एकाचा नव्हतो. एका घरचं लेकरू चालू लागलं की दुसरी आई मला न्यायला येई. निघण्याआधी तापल्या सुईनं माझ्या दांड्यावर एक काळा ठिपका डागत आणि गूळ वाटत. असे एक्केचाळीस ठिपके झाले. पुढं बाजारात प्लास्टिकचे गाडे आले आणि मी कडब्याच्या गंजीआड पडलो. एका चाकाला वाळवी लागली.

तिथून मला शिवप्रियानं बाहेर काढलं. ती विद्यापीठात ‘बालपण’ हा विषय शिकते. हे ऐकून शेजारच्या शरणम्मा आज्जी हसल्या. "लेकरं वाढवायला आता परीक्षा द्यावी लागती व्हय?"

"वाढवायला न्हाय आज्जी. आपल्या गावात लेकरं कशी वाढली, ते लिहून ठेवायला."

तिनं ठिपके मोजले आणि लिहिलं, ‘या गाड्यावर एक्केचाळीस मुलं चालायला शिकली.’ सोमवारी प्रबंध द्यायचा होता. गुरुवारी तिनं तो कट्ट्यावर बायकांना वाचून दाखवला.

"एक्केचाळीसच?" आज्जी म्हणाल्या. "ह्येच्यात म्या कुठंय?"

"तुम्हीपण ह्यावरच चाललात?"

"मग! पोरीचा ठिपका कोण देतंय? गूळ बी न्हाय. तुझ्या कागदापरमाणं म्या अजून रांगतच हाय म्हण की!"

बायका खदखदून हसल्या. शिवप्रिया हसली नाही. त्या इवल्या मुठी मला सगळ्या ठाऊक होत्या, पण मला वाचा कुठली?

तिनं विद्यापीठातल्या तिच्या सरांना फोन लावला. मुदत वाढणार नव्हती. उशीर झाला तर वर्ष जाणार होतं.

"जाऊ दे वर्ष," ती आज्जींना म्हणाली, "पण पोरी गाळून म्या कागद देणार न्हाय."

मला स्कूटीला बांधून ती तीन दिवस दारोदार फिरली. म्हाताऱ्या बायका माझ्यावरून हात फिरवत आणि आपली, बहिणींची, नणंदांची नावं सांगत. सदतीस नावं निघाली. सोमवारी दुपारी मला सोबत नेऊन तिनं विद्यापीठात प्रबंध दिला. त्यात आकडा होता अठ्ठ्याहत्तर.

सरांना मी काचेच्या कपाटात हवा होतो, आहे तसा. शिवप्रियानं ठाम नकार दिला. "सर, त्याचं काम अजून राहिलंय."

गावी परतल्यावर बब्रुवान सुतारांच्या नातवानं मला नवं चाक बसवलं. शरणम्मा आज्जींनी चुलीत सुई तापवली. माझ्या दांड्यावर त्यांचा स्वतःचा ठिपका खोल उमटला. मग त्यांनी गुळाचा खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

मित्रांनो, मला काचेत ठेवू नका. घरात लेकरू उभं राहू पाहत असेल तर मला घेऊन जा. ते चालू लागलं की, मुलगी असो वा मुलगा, त्याचा ठिपका द्या. माझ्या दांड्यावर अजून बरीच जागा आहे.