डिकीतला पंखा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, आणि मला कोणी जुनी म्हटलं तर मी रागावत नाही. माझ्या अंगावर रंगाचे पाच थर आहेत. सगळ्यात खालचा पांढरा, तो जपानमधल्या कारखान्यातला. सगळ्यात वरचा निळा, तो एल्पिदियोने स्वतःच्या हाताने दिलेला. जवळून पाहिलंत तर त्यात ब्रशचे केसही सापडतील.

बोटीतून उतरून मी कॅरिबियन बेटावरच्या सांतो दोमिंगोला आले तेव्हा दातांच्या एका डॉक्टरांनी मला घेतलं. ते मला सावलीत उभी करत आणि माझी दारं दाताच्या मुळासारखी हळुवार हाताळत. ते दिवस गेले. डॉक्टर वारले आणि मी एल्पिदियोच्या हाती आले. तेव्हापासून मी भाड्याच्या सवाऱ्या घेऊन रूटवर, म्हणजे ठरलेल्या एकाच रस्त्यावर, धावते. नदीपलीकडच्या लोस मिना वस्तीतून पुलावरून सत्तावीस फेब्रुवारी रस्त्याने सरळ पश्चिमेला जायचं आणि तसंच परत यायचं. पुढे एल्पिदियोच्या शेजारी दोघं, मागे चौघं. मागे पाचवा बसवत नाही म्हणून एल्पिदियो स्वतःला सज्जन समजतो.

माझंही कौतुक झालं आहे बरं का. एका वादळात पुलावर नव्या नव्या गाड्या पाणी पिऊन बसल्या होत्या. तेव्हा मी एकटी चालत राहिले आणि दोन खेपांत अकरा माणसं घरी पोचवली. त्या दिवशी एल्पिदियोने माझ्या बॉनेटचा मुका घेतला होता. माणूस प्रेमळ आहे. पण प्रेम करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं, हे मी त्याच्याकडूनच शिकले.

ऑगस्टमध्ये माझ्या रेडिएटरचा पंखा बंद पडला. धावत असले की वारा लागतो आणि माझं निभतं. पण गर्दीत उभी राहिले की मी चुलीवरच्या आधणासारखी उकळायला लागते. एल्पिदियोने भंगारवाल्याकडून दुसरा पंखा लगेच आणला, हे कबूल केलं पाहिजे. तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या डिकीत ठेवला आणि म्हणाला, "रविवारी बसवतो."

ऑक्टोबरपर्यंत रविवारी कोणी ना कोणी पाहुणा येत राहिला. ऑक्टोबरात बेसबॉल सुरू झालं, मग तर विचारूच नका. एल्पिदियो निळ्या संघाचा भक्त. रविवारी सामना असतो. सामना नसला तर झालेल्या सामन्याची चर्चा असते. पंख्याऐवजी त्याने एक युक्ती काढली. मी तापले की तो आतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला जरा बरं वाटतं. बसलेल्यांना काय वाटतं ते विचारायचं नाही.

"अरे, ही गाडी आहे की बेकरीची भट्टी?" लोक ओरडायचे.

"घाम निघाला की दुखणं निघतं," एल्पिदियो म्हणायचा. "डॉक्टरकडे गेलात तर पैसे पडतील."

असे चार महिने निघाले. मग डिसेंबरातला तो गुरुवार आला.

संध्याकाळी सहा वाजता लोस मिनाच्या कोपऱ्यावर दोन्या नेरेइदा चढली; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईंच्या नावाआधी लावतात तो मान. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बारीकशी बाई, चर्चला जायचे कपडे, पायांत चर्चला जायचे बूट. मागे खिडकीशी बसली.

"दाराला हळू, दोन्या," एल्पिदियो म्हणाला.

"दार हळू लावते. तू गाडी जोरात घे. मला साडेसातच्या आत स्टेडियमला पोचायचंय."

"सामना बघायला? वा! कोण आपले, निळे ना?"

ती काही बोलली नाही. एल्पिदियोने तो होकार धरला.

मित्रांनो, नाताळच्या आधी आमच्या शहरात संध्याकाळचा रस्ता कसा असतो ते सांगून समजणार नाही. पुलावर आम्ही अडकलो ते अडकलोच. पुढे बस, मागे ट्रक, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, आणि मधून सोललेली संत्री विकणारे आरामात चालत होते. माझा काटा वर चढू लागला. एल्पिदियोने हीटर सोडला. तरी काटा लाल रेघेला टेकला, तेव्हा पूल उतरल्याबरोबर त्याला मला कडेला घ्यावं लागलं. बॉनेट उघडा, थंड होऊ द्या, पाणी घाला. त्यात पंचवीस मिनिटं गेली. दोन्या नेरेइदा खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. मधूनमधून ती शेजारणीला वेळ विचारायची.

शेजारण म्हणजे मिर्ता, इस्पितळातली नर्स, दिवसपाळी संपवून घरी निघालेली. पुढच्या सीटवर गिऱ्हाइकाकडे निघालेला किरिनो न्हावी होता, निळ्यांचाच, एल्पिदियोचा रोजचा गप्पांचा गडी. बाकीचे तिघं कंटाळून पुलाच्या टोकालाच उतरून गेले.

साडेसात वाजले तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर होतो. एल्पिदियोने रेडिओ लावला. निवेदक सांगत होता की निळ्यांसमोरच्या लाल संघाचा ठरलेला पिचर तापाने झोपला आहे आणि त्याच्या जागी चेंडू टाकायला वास्कर मोंतास उभा राहतोय. वय चौतीस, कोपराचं ऑपरेशन झालेलं.

"हा म्हातारा?" एल्पिदियो खदखदून हसला. "ह्याला तर माझी गाडीसुद्धा फटकावेल! एका डावात घरी पाठवतील त्याला आपली पोरं."

"एक डाव जास्तच सांगितलास, लेका," किरिनो म्हणाला.

मागून आवाज आला, "तो माझा नातू आहे."

गाडीत फक्त हीटर बोलत राहिला.

"मी वाढवलाय त्याला," दोन्या नेरेइदा म्हणाली. "सतराव्या वर्षी त्याला अमेरिकेत नेलं खेळायला. तिकडे लहान लहान गावांतून खेळला. वरच्या संघात काही पोचला नाही. मी तीनदा व्हिसाला उभी राहिले, तीनदा नाही म्हणाले. आता परत आलाय, तर सगळा हंगाम बाकावर बसून काढला. आज दुपारी संघाने त्याला सांगितलं की तू टाक, जमेल तितकं टाक. मोठ्या मैदानावर टाकताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मार बसायला लागला की काढून घेतात. आणि आज काढला की पुन्हा कोण देतंय त्याच्या हातात चेंडू?"

एल्पिदियोने आरशात पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि लाल रंग त्याला अजिबात शोभत नाही.

"माफ करा, दोन्या," तो म्हणाला. "तोंड आहे की गटार, माझं मलाच कळत नाही."

पहिल्या डावात वास्करने तिघांना बाद केलं. दुसऱ्यात एक धाव गेली, पण तो टिकला. आम्ही सिग्नलमागून सिग्नल सरकत होतो. तिसऱ्या डावात निळ्यांचे दोघं बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवर, पोचले आणि त्यांचा सगळ्यात दांडगा फलंदाज पुढे आला. एल्पिदियोने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि पुटपुटला, "बाद हो, बाबा. बाद हो, तुझ्या पाया पडतो."

किरिनोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणालास?"

"काही नाही. खोकला आला."

फलंदाज बाद झाला. मिर्ताने टाळी वाजवली. किरिनोनेही वाजवली आणि मग इकडेतिकडे बघून हात मांडीखाली घातले. तीस वर्षं निळ्यांसाठी गळा फाडलेली ही माणसं आपल्याच पोरांचा पराभव मागत होती. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे उजवीकडे वळलं की स्टेडियम. पण आमचा रूट सरळ जातो. तो वळणाचा रस्ता दुसऱ्या रूटवाल्यांचा. तिथे परकी गाडी घुसली तर गोष्ट कॉलर धरण्यापर्यंत जाते. आणि बसलेल्या माणसांना विचारल्याशिवाय वाट सोडायची नाही, हा रिवाज आहे.

एल्पिदियोने विचारायच्या आधीच मिर्ता म्हणाली, "वळवा. घरी जाऊन काय, पायच चोळायचेत मला."

"वळव की!" किरिनो म्हणाला. "माझं गिऱ्हाईक असंही टकलंच आहे."

वळल्यावर दुसऱ्या रूटचा एक ड्रायव्हर आडवा आला आणि शिव्यांनीच सुरुवात केली. एल्पिदियोने मान बाहेर काढली. "भाऊ, मागे वास्करची आजी आहे. तो आत्ता टाकतोय." त्या माणसाने आत डोकावून पाहिलं. त्याच्याही गाडीत तोच रेडिओ चालू होता. तो मागे सरला आणि पुढच्यांना हॉर्न मारमारून वाट करून देऊ लागला.

आणि तिथे मीच दगा दिला. स्टेडियमचे दिवे दिसत होते, लोकांचा गलका ऐकू येत होता, आणि माझ्या बॉनेटमधून पांढरी वाफ फुटली. मी थांबले. मला फार लाज वाटली.

दोन्या नेरेइदाने दार उघडलं, बूट काढून हातात घेतले आणि चालायला लागली. एल्पिदियोने एक मोटारसायकलवाला थांबवला, तिला मध्ये बसवलं, आपण मागे टेकला, आणि ते तिघं गर्दीतून दिसेनासे झाले. मिर्ता आणि किरिनो माझ्याजवळ रेडिओ ऐकत राहिले.

चौथा डाव सुरू झाला. पहिला फलंदाज बाद. "पोचल्या असतील?" मिर्ताने विचारलं. दुसरा बाद. "जिना केवढा आहे तिथे?" किरिनोने रेडिओचा आवाज वाढवला. तिसऱ्या फलंदाजाने चेंडू थेट भिंतीपलीकडे घालवला. गलका आमच्यापर्यंत आला. निवेदक म्हणाला की लालांचा मॅनेजर मैदानात येतोय, वास्करच्या हातातून चेंडू घेतोय. किरिनोने रेडिओ बंद केला.

अर्ध्या तासाने ती दोघं चालत परत आली.

"किती पाहिलं, दोन्या?" मिर्ताने विचारलं.

"सात चेंडू."

एल्पिदियो पाण्याचा डबा काढायला डिकी उघडू लागला, आणि ते वर्तमानपत्राचं पुडकं दोन्या नेरेइदाला दिसलं.

"हे काय आहे?"

खोटं बोलता आलं असतं. पण तो खरं बोलला. "पंखा. हा बसवला असता तर गाडी तापली नसती. पुलावर नाही, इथेही नाही. साडेसातच्या सुमाराला आपण आत असतो."

"कधीपासून पडलाय इथे?"

"ऑगस्टपासून."

ती पुडक्याकडे बघत राहिली. "त्या व्हिसावाल्यांवर रागावणं सोपं होतं," ती म्हणाली. "तू रूट सोडून मला आणलंस. आत कुणी निळ्याने चेंडू बाहेर मारला, सगळं स्टेडियम उठलं, आणि तू माझ्याशेजारी खाली मान घालून बसलास. तुझ्यावर रागावू नये मी. पण रागावलेय, बाबा. तीन डाव होते माझे ते."

"हो, दोन्या."

"आधी हा बसव. मग मला घरी सोड."

ती फुटपाथच्या कठड्यावर बसली. मिर्ता तिच्याजवळ बसली. किरिनोने मोबाइलचा दिवा धरला, एल्पिदियोने पाना घेतला आणि माझ्या अंगात हात घातला. तो काम करत होता आणि दोन्या नेरेइदा मिर्ताला ते सात चेंडू एकेक करून सांगत होती. पहिला कसा आत वळला. दुसऱ्याच्या आधी वास्करने टोपीच्या कडेला कसा हात लावला, लहानपणी लावायचा तसाच. सातवा भिंतीपलीकडे गेला हे तिने सांगितलं नाही. तो त्याच्या हातातून किती छान सुटला, एवढंच सांगितलं. सांगून झालं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पंखा बसवायला पाऊण तास लागला. ऑगस्टपासून जे काम पडून होतं ते एवढंच होतं. एल्पिदियोने हात पुसले, घड्याळ पाहिलं आणि दोन्या नेरेइदासाठी मागचं दार उघडून धरलं.

मित्रांनो, माझा हॉर्नही धड वाजत नाही, मी काय उपदेश करणार? पण तुमच्या घरात एखादी वस्तू कुरकुरत असेल, तर तिच्याकडे आजच बघा. वस्तूची दया म्हणून नव्हे. आमचं काय, आम्ही उकळू आणि थांबू. पण आमच्यात कोणीतरी बसलेलं असतं, आणि त्याला वेळेवर कुठेतरी पोचायचं असतं.