खांबकाकांचा अंगठा आणि मी

"अरे, तो नेलकटर कुठे गेला?" हे वाक्य तुमच्याही घरात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येत असणार. मग खण उपसले जातात, एकमेकांवर आळ घेतला जातो आणि कुणीतरी ठामपणे म्हणतं, "मी वापरून जागेवरच ठेवला होता." तो हरवलेला जीव म्हणजे मी. गेली एकोणीस वर्षं मी या एकाच घरात हरवतोय आणि सापडतोय. आज मात्र आपण होऊन समोर आलोय, कारण मला एका अंगठ्याची हकिकत सांगायची आहे. त्यात माझाही थोडा हात होता, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. पोलादाच्या लांबलचक पट्टीतून यंत्राने मला खटकन कापून काढलं. दोन पाती वाकवली, त्यांना धार दिली, वर दाबायची दांडी बसवली, आणि पोटात एक बारीक कानस सरकवली. कानशीचं टोक जरा अणकुचीदार होतं. 'नखातला मळ काढायला,' असं म्हणतात. त्या टोकानेच पुढे घात केला.

दुकानातून मला या घरच्या काकूंनी घेतलं. घेताना त्यांनी माझी पाती मिटवली, मला उजेडासमोर धरलं आणि मधून फट दिसते का ते बघितलं. फट दिसली नाही तेव्हाच "हा द्या" म्हणाल्या. तेवढ्यावरूनच मला कळलं, आपण चांगल्या घरी निघालोय.

काकूंचे यजमान संग्रहालयात रखवालदार. तिथल्या मधल्या दालनात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उभं राहायचं, लोकांना काचेला हात लावू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. ते इतके ताठ आणि निश्चल उभे राहत की एकदा एका लहान मुलीने त्यांनाच पुतळा समजून त्यांच्या बटणाला हात लावला होता. सोबतचे लोक त्यांना 'खांब' म्हणत आणि धाकटे 'खांबकाका'. दालनात बसायला रखवालदारांसाठी काही नव्हतं. बसण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे दोरी लावून ठेवलेली दोनशे वर्षांपूर्वीची नक्षीदार खुर्ची. तिच्यावर कुणी बसू नये म्हणूनच तर खांबकाका तिथे उभे होते.

खांबकाकांच्या पायाची नखं काकूच कापायच्या. रविवारी सकाळी त्यांना गॅलरीत स्टुलावर बसवायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा. "हलू नका हो. दालनात तासन् तास खांब होता, मग इथेच का वळवळ?" असं दटावत कापायच्या. कापायच्याही कशा? आडवं, सरळ, कोपऱ्यांना न छेडता. मी तेव्हा समजत होतो की नखं अशीच कापतात.

काकू गेल्या तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. दोन दिवसांचा ताप काय आला आणि घरातला सगळा गलबलाच थांबला. मी महिनाभर खणात पडून होतो. बटणं, संपलेले सेल आणि कुठल्या कुलुपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली यांच्या सोबतीने.

मग एके दिवशी खांबकाकांनी मला स्वतः बाहेर काढलं. चष्मा नाकावर सरकवला, पोट आवळून ते खाली वाकले आणि धापा टाकत कापू लागले. पुन्हा लवकर वाकायला नको म्हणून अगदी मुळापर्यंत! अंगठ्याचं नख तर त्यांनी हाताच्या नखासारखं गोल कापलं, दोन्ही कोपरे उडवून. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण माझं काम दाबलं की मिटणं.

त्यात नेमके त्याच वर्षी गणवेशाचे नवे बूट आले. काळे, चकचकीत आणि पुढून निमुळते. खांबकाकांना लागायचा नऊ नंबर. भांडारातला माणूस म्हणाला, "नऊ संपलेत. आठ घ्या, चामडं आपोआप सैल होतं." खांबकाका कुणाशी वाद घालणारे नव्हतेच. ते आठ घेऊन घरी आले. चामडं काही सैल झालं नाही, अंगठाच दबत गेला.

उजव्या अंगठ्याचा आतला कोपरा दुखू लागला. नख वाढताना पुढे जायला जागा नव्हती, म्हणून ते बाजूच्या मांसात शिरलं. खांबकाकांनी मला घेतलं, माझं ते अणकुचीदार टोक कोपऱ्यात घातलं आणि टोचणारा तुकडा कोरून काढला. किती बरं वाटलं त्यांना! चार दिवस. कारण आत राहिलेलं कुसळ वाढू लागलं की आणखी खोल जायचं. मग पुन्हा मी, पुन्हा कोरणं, पुन्हा चार दिवसांचा आराम. त्यांना वाटे, मी त्यांचा तारणहार आहे. ते मला पँटच्या खिशात घालून कामावर नेऊ लागले. इतका मान मला कधीच मिळाला नव्हता, आणि इतकी शरमही कधी वाटली नव्हती.

या सुमारास घरात सूनबाई आली. खांबकाकांचा मुलगा मालवाहू जहाजावर यंत्रं सांभाळतो, सहा-सहा महिने पाण्यावर असतो. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो निघून गेला आणि घरात उरले सासरे आणि सून. दोघंही मितभाषी. "बाबा, वाढू?" "वाढ." "बाबा, दिवा घालवू?" "घालव." दिवसभराचं संभाषण एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

सूनबाई चपलाबुटांच्या मोठ्या दुकानात काम करायची. माणूस समोर आला की तिची नजर आधी त्याच्या पायांकडे जाई, मग चेहऱ्याकडे. खांबकाकांची चाल बदललेली तिने पहिल्याच आठवड्यात हेरली. उजवा पाय टेकताना ते भार बाहेरच्या कडेवर घेत. दाराशी काढून ठेवलेला बूट तिने उलटा करून पाहिला. टाच एकाच बाजूने झिजली होती.

"बाबा, पायाला काही झालंय का?"

"छे, जरा मुरगळलाय."

"दाखवता का?"

"होईल बरा." आणि ते पेपरात तोंड घालून बसले. खिशात माझ्यावर त्यांची मूठ घट्ट आवळली गेली होती.

असे दोन महिने गेले. मग तो बुधवार आला. संग्रहालयात शाळेची सहल आली होती. साठ-सत्तर मुलं, एकच कल्लोळ. खांबकाका खुर्चीसमोर दोन्ही हात पसरून उभे होते. एक धष्टपुष्ट मुलगा मित्राला चुकवत मागे मागे सरकला आणि टाचेसकट खांबकाकांच्या उजव्या अंगठ्यावर चढला.

खांबकाकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, मागे चाचपडताना त्यांचा हात दोरीला लागला, दोरी पडली, आणि सव्वीस वर्षं ज्या खुर्चीला त्यांनी कुणाचं बोटही लागू दिलं नव्हतं, तिच्यावर ते स्वतःच धप्पकन बसले. खुर्ची करकरली. सगळं दालन चिडीचूप झालं. मग एका मुलाने विचारलं, "बाई, यांना चालतं का बसायला?"

अधीक्षकबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. "काय झालं? चक्कर आली का?"

"चूक झाली," एवढंच खांबकाका म्हणाले. नख टोचतं हे कारण त्यांना इतकं क्षुल्लक वाटलं की त्यापेक्षा नोकरीवर गदा आलेली परवडली. "उद्या लेखी खुलासा द्या," असं सांगून बाईंनी त्यांना घरी पाठवलं. खुर्चीला धक्का लागला नव्हता, पण खांबकाका आतून पार खचले होते.

त्या दिवशी सूनबाईला सुट्टी होती. तिने दार उघडलं, त्यांचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि एक प्रश्नही विचारला नाही. त्यांना खुर्चीवर बसवून टबात कोमट पाणी आणलं आणि समोर खाली बसली.

खांबकाकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "नको, नको. मी सासरा तुझा. तुझ्या हातात पाय कसा देऊ?"

"बाबा, दुकानात दिवसाला तीस पाय हातात घेते मी. तुमचा एकतिसावा."

"ते परके असतात."

"म्हणजे परक्यांचे चालतात आणि घरच्यांचे नाहीत?"

खांबकाकांनी पाय पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मोजा जखमेला चिकटला होता. तिने तो पाण्यात भिजवून धागा धागा सोडवला. अंगठा लाल, टरारून सुजलेला, कोपऱ्यात पू. वासही होता. सूनबाईच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"कधीपासून आहे हे?"

"झालं असेल वर्ष."

"वर्षभर तुम्ही यावर उभे होता?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रोज आठ तास? आणि मी विचारलं तर मुरगळलाय म्हणालात!"

खांबकाका हळूच म्हणाले, "तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं. बाकी कुणाला काय सांगायचं, नखाचं?"

सूनबाई थोडा वेळ पाणी ढवळत राहिली. "मला सांगायचं," ती म्हणाली. "आणि कशाने कोरत होतात? द्या इकडे."

त्यांनी मला खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं, आता थेट कचऱ्यात. पण तिने मला पर्समध्ये टाकलं आणि दोघं डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर वयस्कर होते, गमतीशीर. सूनबाईने मला टेबलावर ठेवताच म्हणाले, "आरोपी हाच का?" मग अंगठा नीट बघून मान हलवली. "याचा काही दोष नाही. चुकलाय तो हात. आणि बूट." त्यांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली, कारण साखर असेल तर असली जखम चिघळून पायावर बेतते. सुदैवाने साखर नव्हती. मग इंजेक्शनने अंगठा बधिर करून नखाची रुतलेली बारीक पट्टी तेवढी काढली. खांबकाका छताकडे बघत होते. सूनबाईने त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "नख सरळ आडवं कापा. फार आत नको. कोपरा मांसाच्या वर दिसला पाहिजे. कोरायचं तर अजिबात नाही. पाय धुतले की बोटांमधून कोरडे करा. बुटात बोटं हलली पाहिजेत. आणि दुखायला लागलं की पहिल्या दिवशी सांगा, वर्षाने नाही." सूनबाईने हे सगळं दुकानाच्या पावतीमागे लिहून घेतलं आणि घरी येऊन आरशावर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यायचा होता. खांबकाकांनी तीन कागद फाडले. शेवटी ते कागद न घेताच गेले, अंगठ्याला पट्टी, पायात सैल चप्पल. अधीक्षकबाईंसमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आठ नंबर, अंगठा, कोरणं, खुर्ची. आणि मग, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं. "आम्हाला बसायला एकेक स्टूल मिळालं तर बरं होईल. आणि बूट पायाच्या मापाचे."

बाईंनी त्यांच्या पट्टीकडे बघितलं. "हे आधी का नाही बोललात?"

"कुणी विचारलं नव्हतं," खांबकाका म्हणाले. "म्हणजे घरात विचारलं होतं. मीच बोललो नाही."

पुढच्या सोमवारी संग्रहालय बंद असताना बाईंच्या परवानगीने सूनबाई माप घ्यायची पट्टी घेऊन तिथे गेली आणि अकराच्या अकरा रखवालदारांची मापं घेतली. चौघांचे बूट चुकीचे निघाले. दारावरचा दांडगा मिशीवाला मोजा काढेना. खांबकाका त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "काढ. माझी सून आहे, ती कुणाला हसत नाही." मोज्याखालून तसाच लाल अंगठा निघाला. अजून सुरुवातच होती, त्यामुळे कोमट पाण्यावर आणि नव्या बुटांवर भागलं.

अंगठा दीड महिन्यात बरा झाला. घरातलं संभाषण आता पोस्टकार्डावर मावत नाही. दुकानात आज कुणी काय हट्ट धरला, दालनात कोण काय बरळलं, जेवताना सगळं चालू असतं. खांबकाका स्टुलावर बसतात, पण लोकांना अजून खांबच वाटतात.

आणि मी? माझी पाती आता नीट जुळत नाहीत, दांडी डगमगते. कानशीचं टोक सूनबाईने घासून बोथट करून टाकलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. लवकरच घरात एक इवलासा, गोल टोकाचा नेलकटर येणार आहे, कारण सूनबाईला आठवा महिना लागलाय. त्या कोवळ्या नखांना माझा जबडा मोठा पडेल, हे मला मान्य आहे. जाण्याआधी तुमच्याकडे दोनच गोष्टी मागतो: माझ्यासारख्याच्या हातून घाईने काम उरकून घेऊ नका. आणि घरात कुणी लंगडत असेल तर "काही नाही" या उत्तरावर गप्प बसू नका.

परवा दुपारची गोष्ट. सूनबाई मला हातात घेऊन पलंगावर बसली होती आणि पायाच्या बोटांपर्यंत हात पोचवायचा प्रयत्न करत होती. पोट आड येत होतं. खांबकाका दारातून बघत होते. ते आत आले, वर्तमानपत्र अंथरलं, खाली बसले आणि चष्मा पुसला.

"आण तो इकडे. पाय पुढे कर."

"अहो बाबा, काहीतरीच काय!"

"पुढे कर म्हणतो ना. मला येतं आता."

तिने संकोचत पाय पुढे केला. त्यांनी एकेक नख उजेडाकडे वळवून, आडवं, सरळ कापायला घेतलं. दर नखानंतर कडेवरून अंगठा फिरवून बघायचे, टोचत तर नाही ना. नऊ झाली तोवर तिला बसल्या जागी डुलकी लागली. दहावं त्यांनी इतक्या हळू कापलं की माझाही आवाज झाला नाही.