तिसऱ्या खांबापाशी

पार्कचं फाटक उघडायला अजून पन्नास मिनिटं होती. मोजणीच्या खोलीतल्या पडद्यावर प्रत्येक रांगेपुढे शून्य होतं. फक्त ‘गुहेतली होडी’ या नावापुढे होता एक.

मोजणीवालीने चहाचा कप खाली ठेवला आणि त्या एककडे पाहिलं. पार्कात सगळे तिला मोजणीवाली म्हणत, कारण दोन वर्षं ती तेच करत होती. कुठल्या राइडला किती माणसं उभी आहेत, किती मिनिटं लागतील, कोणी आधी कुठे गेलं तर त्याचा दिवस वाचेल. लोकांच्या फोनवरचं अ‍ॅप ‘आधी मोठ्या झोक्याकडे जा, होडी पावणेपाचला करा’ असं जे सांगायचं, ते तिच्या आकड्यांच्या जोरावर. तीन आठवड्यांपूर्वी रांगांवर डोकी मोजणारे नवे कॅमेरे बसले होते आणि तेव्हापासून हा एक तिथे ठाण मांडून होता.

तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. आधी संशय खांबांवर घेतला. होडीच्या रांगेत ओळीने पाच खांब, त्यातल्या तिसऱ्यावर गोल दिवा. दिव्याला डोकं समजत असेल म्हणून दिवा काढला. एक तसाच. शेजारच्या राइडचा कॅमेरा आणून लावला. त्यानेही एकच सांगितला. चित्रात फरशी, साखळ्या आणि खांब यांखेरीज काही नव्हतं. तरी तिसऱ्या खांबाला लागून असलेल्या रिकाम्या जागेभोवती यंत्र हिरवा चौकोन आखत होतं, माणसांभोवती आखतं तसाच. चौकोनाची उंची यंत्र आपणहून लिहायचं: पाच फूट सहा इंच.

“अजून त्या भुताच्या मागेच का तू?” साहेब आत येत म्हणाले. “आज शेवटचा दिवस आहे होडीचा. सोमवारी मशीन येऊन सगळं भुईसपाट करणार. खांब गेला की चौकोनही जाईल. डोकं शिणवू नकोस.”

“हो, सर.”

“आणि होडीचा शेवटचा अहवाल दे. पहिल्या दिवसापासून. काही गाळू नकोस, वर पाठवायचाय.”

काही गाळू नकोस, म्हणजे चाळणी काढायची. ती चाळणी तिनेच लावली होती.

कॅमेरे यायच्या आधी, आणि खरं तर अजूनही, थांबायचा वेळ मोजायची पार्कची पद्धत साधी होती. रांगेच्या शेपटाशी उभा असलेला कर्मचारी दर पंधरा मिनिटांनी शेवटच्या माणसाच्या हातात एक लाल कार्ड द्यायचा. ‘पुढे गेलात की होडीवाल्याला द्या’, एवढंच सांगायचं. देताना कार्ड यंत्राला दाखवायचं, पुढे घेतल्यावर पुन्हा दाखवायचं. मधला वेळ म्हणजे रांग. काही कार्डं खिशात राहून घरी जायची, त्यांचे तास चालूच राहायचे. कामावर लागल्यावर पहिल्याच महिन्यात मोजणीवालीने नियम केला: तीन तासांवरचं कार्ड सरासरीत धरायचं नाही. साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती.

आता चाळणी काढल्यावर न परतलेल्या कार्डांची यादी उघडली. सगळ्यात वर सगळ्यात जुनं. तिने तारीख वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

अकरा वर्षं, दोन महिने. दुपारी दोन वाजून बारा मिनिटं.

त्या दिवशी ती सतरा वर्षांची होती आणि पार्कात येण्याआधी तिने पंधरा दिवस खपून तक्ता बनवला होता. लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले वेळ गोळा केले, आलेख काढले, राइडमधलं अंतर पावलांनी मोजलं. बाबा तिला घड्याळबाई म्हणत. “घड्याळबाई, मला शू करायला किती मिनिटं ठेवलीत?” असं विचारून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं. तक्त्याची खरी करामत चौथ्या रकान्यात होती. तिथे लिहिलं होतं, ‘बाबा: नंबर धरणे’. ती, आई आणि धाकटा एका राइडवर, तोवर बाबा पुढच्या राइडच्या रांगेत. बाबांना राइडची हौस नव्हती, उभं राहायची होती म्हणे. दिवसभरात अकरा राइड, आणि घरातल्या माणसाला सरासरी नऊ मिनिटं रांग. ते नऊ कसे आले, तर सरासरीत बाबांची रांग धरलीच नव्हती.

होडीला तक्त्यात पस्तीस मिनिटं होती. ते तिघे पोचले तेव्हा तीन चाळीस झाले होते आणि बाबांना रांगेतून उचलून नेत होते. संध्याकाळी दवाखान्यात ते गेले. अठ्ठ्याऐंशी मिनिटं उभे होते. आपला अंदाज पस्तीसचा अठ्ठ्याऐंशी कसा झाला, या एका प्रश्नापायी ती पुढे संख्याशास्त्र शिकली आणि दुसरीकडची बरी नोकरी सोडून इथे आली, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पडद्यावर त्या कार्डाशेजारी विचारणा लुकलुकत होती: ‘नोंद बंद करायची?’ एक बटण. तिचं बोट त्यावर गेलं आणि थांबलं. बाबांना तक्त्यात एकदा वगळलं, चाळणीत एकदा. तिसऱ्यांदा नको.

ती उठली आणि होडीकडे गेली.

होडीवाले काका धक्क्यावर बसून होड्यांची बाकं पुसत होते. वीस वर्षं ते इथेच, होडी सोडताना प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून एक, दोन, तीन, चार मोजायचे.

“काका, अकरा वर्षांपूर्वी इथे एक गृहस्थ पडले होते. आठवतं?”

“न आठवायला काय झालं! चष्मा, चौकडीचा शर्ट.” काकांनी फडकं पिळलं. “गोड माणूस हो. पण भारी हट्टी.”

“त्या दिवशी रांग फार होती ना? दीड तास?”

“कुठला दीड तास! अर्ध्या-पाऊण तासात आला की पुढे. मी म्हटलं, बसा साहेब. तर म्हणाला, माझी माणसं यायचीत, त्यांचा नंबर धरलाय. मग बाजूने मागे सरकून त्या तिसऱ्या खांबाशी उभा राहिला आणि मागच्यांना सोडत राहिला. तुम्ही व्हा पुढे, तुम्ही व्हा पुढे. मी म्हटलं, अहो, निदान टेका जरा. म्हणे टेकलो तर नंबर गेला असं वाटेल कुणाला. ऊन काय रणरणत होतं! सारखं घड्याळ बघायचा आणि हसून सांगायचा, आमच्या मुलीचा हिशेब चुकत नाही, आता येतीलच.”

मोजणीवालीने साखळी धरली.

हिशेब चुकला नव्हता. पस्तीस मिनिटांत ते पुढे पोचले होते. तीनला पंधरा कमी असताना ती, आई आणि धाकटा मोठ्या झोक्यापाशी होते. तिथे अचानक गर्दी ओसरली होती आणि ती म्हणाली होती, “अजून एकदा बसू या. बाबा आहेतच की रांगेत.” मग अजून एकदा. अकरा वर्षं ती आलेखात चूक शोधत होती.

“काय झालं गं पोरी? पाणी देऊ?”

“नको. काका, शेवटची होडी किती वाजता?”

“सहाला रांग बंद. मग आत असतील तेवढे संपले की झालं. का गं?”

तिने बाहेर येऊन आईला फोन लावला.

“आई, बाबांच्या खिशात एक लाल कार्ड होतं का? त्या दिवशी?”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. “त्यांच्या चष्म्याच्या घरात आहे. मला वाटलं, तिकीट असेल. का, परत द्यायचं होतं?”

“हो. द्यायचं राहिलं.”

साडेचारला आई फाटकाशी आली. चष्म्याचं घर तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

“येतेस आत?”

“मी नाही बाई. माझे पाय नाही वळत.” तिने घर लेकीच्या हातात ठेवलं. “मीसुद्धा बसले होते की गं त्या झोक्यावर तीनदा. तुझी एकटीची नाही ती गोष्ट. सतरा वर्षांच्या पोरीला काय, पण मी तरी म्हणायचं होतं ना, चला, ते उभे असतील.” मग एकदम म्हणाली, “चष्मा पण ने. त्यांना लांबचं दिसत नाही.”

तिने ‘दिसत नव्हतं’ असं म्हटलं नाही आणि लेकीनेही दुरुस्त केलं नाही.

कर्मचाऱ्यांना बाजूच्या दारातून थेट धक्क्यावर जाता येत होतं. मोजणीवाली तिकडे न जाता रांगेच्या शेपटाशी जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठलाही अंदाज न बघता रांगेत उभी होती. शेवटचा दिवस म्हणून रांग बाहेरच्या झाडाच्या पाराला वळसा घालून गेली होती. तळपाय दुखू लागले, मग गुडघे, मग कंबर. आकड्यांत हे काही नसतं.

“अ‍ॅप म्हणालं बावीस मिनिटं,” मागचा माणूस बायकोला सांगत होता. “तास होत आला! कुठल्या गाढवाने मोजलंय कोण जाणे.”

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

“तुमचं काय चुकलंय, ताई? तुम्हीपण आमच्यासारख्याच अडकलाय.”

दुसरा खांब गेला. तिसरा आला. दिवसभर तापलेल्या फरशीतून धग येत होती, पण खांबाजवळ हात दोन हात जागा गार होती, पाण्याच्या माठाशेजारी लागतं तशी. रांगेतली माणसं नकळत त्या जागेला वळसा घालून पुढे सरकत होती. पायाखाली बघत कुणी जात नव्हतं, तरी कुणीही तिथे पाऊल टाकलं नाही. ती बाजूला सरकली आणि त्या गारव्याच्या शेजारी उभी राहिली.

“चला ना, ताई,” मागचा म्हणाला.

“तुम्ही व्हा पुढे. माझं माणूस आहे.”

सहा वाजले. मागची साखळी लागली. एकेक करून सगळे गेले. धक्क्यावर काका उरले आणि शेवटची होडी.

“ये गं, बैस. तुझ्यासाठीच ठेवलीय.”

“काका, ही तशीच सोडायचीय.” तिने कार्ड आणि चष्म्याचं घर पुढे केलं. “कार्ड यंत्राला दाखवा. आणि हे पुढच्या बाकावर ठेवा.”

काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, तिच्या कपाळाकडे, नाकाकडे. मग चष्म्याचं घर पुढच्या बाकावर ठेवून कार्ड यंत्राला लावलं. यंत्र वाजलं.

ती परत तिसऱ्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

“बाबा, आले मी. फार उशीर केला. आता तुम्ही जाऊन या. नंबर मी धरते.”

काही झालं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मग तिच्या डाव्या हातालगतचा गारवा सरकला आणि फरशीची धग तिच्या पायांना सगळीकडून सारखी लागू लागली. धक्क्याला बांधलेली होडी पुढच्या बाजूने बोटभर खाली गेली.

काकांचं बोट सवयीने उठलं. रिकाम्या बाकावर, खांद्याच्या उंचीला, हवेत टेकलं. “एक,” ते म्हणाले आणि त्यांनी खटका ओढला. होडी गुहेच्या काळोखात शिरली.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. साहेब होते. “अगं, होडीची आजची सरासरी वेडी झालीय! फोनवर लोकांना चोवीसशे तास दाखवतंय. फाटकाशी हसतायत सगळे.”

“बरोबर आहे ते, सर. राहू द्या.”

“बरोबर? आणि रांग बंद झाली ना? इथे अजून एक दिसतोय. तिसऱ्या खांबाशी.”

“मी आहे ती.”

“मग नीघ ना बाहेर!”

“अकरा मिनिटं, सर. नंबर धरलाय.”

होडीची फेरी अकरा मिनिटांची होती. ती टेकली नाही. गुहेच्या तोंडाशी धबधबा होता, बाहेर पडताना प्रत्येक होडी त्याखालून भिजून यायची, आणि तीही आली. चारही बाकं निथळत होती. पुढच्या बाकावर मात्र, माणूस बसतो तेवढी जागा आणि पाठ टेकते तेवढी फळी कोरडी ठणठणीत होती.

काकांनी फडकं हातात घेतलं आणि तिथे न लावता खाली ठेवलं. चष्म्याचं घर उघडं होतं, आत चष्मा नव्हता.

मोजणीवालीने साखळी ओलांडली. वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

“शून्य झालं,” साहेब म्हणाले. “आपोआप गेला बघ.”

ती धक्क्याच्या पायरीवर बसली आणि सावकाश पाय चोळू लागली.