पुंजाराम पेंटरचा हंस

मी हंसाचा साचा बोलतोय. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या पेंटरच्या दुकानात, शटरच्या आतल्या बाजूला, खिळ्याला टांगलेला असतो. तुम्ही दुकानात येता, पाटावरचा, पाळण्यावरचा पांढरा हंस बघता, 'छान आलाय' म्हणता आणि जाता. माझ्याकडं कुणी बघत नाही. त्यात तुमची काही चूक नाही. माझ्यात बघण्यासारखं आहे तरी काय? एक निळसर पातळ फिल्म आणि तिला हंसाच्या आकाराची भोकं. रंग जातो तो भोकांतून. उरलेला मी फक्त त्याला अडवून धरायला.

पण मी जन्मलो तेव्हा हंस नव्हतो. मी एक्स-रेची फिल्म होतो आणि माझ्यावर उमटलेलं पहिलं चित्र होतं पुंजारामच्या उजव्या पंजाचं आणि मनगटाचं.

पुंजाराम पेंटर मूळचे अजिंठ्याचे. लेण्यांच्या छतावरचे हंस मान वर करकरून बघतच ते लहानाचे मोठे झाले. शहरात येऊन लाकडी पाट्या रंगवू लागले. फ्लेक्स आले तशा पाट्या कमी झाल्या, मग पाट, चौरंग, पाळणे, घराच्या दारावरची नावं. सगळं हातानं. ना पट्टी, ना पेन्सिलची खूण. एका किराणा दुकानाच्या दारावरची पाटी संपत आली होती, शेवटच्या अक्षराची वेलांटी तेवढी राहिली होती. ती ओढताना खालचं स्टूल सरकलं.

डॉक्टरांनी मला उजेडासमोर धरलं आणि म्हणाले, "हाड जुळेल. पण मनगट पहिल्यासारखं वळणार नाही."

"वेलांटी येईल का, डॉक्टरसाहेब?" पुंजारामनी विचारलं.

डॉक्टरांना ती गंमत वाटली. ते हसले. पुंजाराम हसले नाहीत. त्यांच्या बायकोनं, सरूबाईनं मला पाकिटात घातलं आणि छातीशी धरून घरी आणलं.

मग मी कपाटावर पडून राहिलो. माणसांची ही एक सवय मला तिथंच कळली. दुखणं बरं झालं तरी त्याची फिल्म कुणी टाकत नाही. पुन्हा बघतही नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी पुंजारामनी एका फळीवर रेघ ओढून बघितली. रेघ थोडी नीट गेली, मग थरथरली आणि वळणावर अडली. त्यांनी ब्रश धुतला, पुसला आणि डब्यात उलटा ठेवला. त्यानंतर त्यांनी दुकानाचं शटर उघडलं ते फक्त झाडून घेण्यापुरतं.

त्यांचे मित्र राजेंद्र मिस्त्री सुतारकाम करायचे. ते मागं एकदा म्हणाले होते, "भाऊ, साचे करून घ्या. काम झटक्यात व्हईल." तेव्हा पुंजारामनी त्यांना उडवून लावलं होतं, "ज्याला हात नाय त्यानं साचा वापरावा." हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. आता ते कुणी तोंडातून काढत नव्हतं.

सरूबाईचा भाऊ गोकुळ बजाजनगरला राहायचा. मनानं चांगला, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. "दाजी, वाळूजला कंपनीच्या गेटवर माणूस पायजे. मी बोलून ठेवलंय. नुसतं खुर्चीवर बसायचं अन् येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा."

"लिहायचा कोणत्या हातानं रं?"

गोकुळ गडबडला. "मग नुसतं सलाम ठोकायचं काम बी आसतंय."

"ते बी उजव्याच हातानं आसतंय," पुंजाराम म्हणाले. पण ते नाही म्हणाले नाहीत. महिनाअखेरीला दुकानाची किल्ली मालकाला परत द्यायची, असं ठरून गेलं.

गोकुळ जायला निघाला तेव्हा सरूबाई जिन्यात त्याला म्हणाली, "किल्ली एकदा दिली की हे पुन्यांदा ब्रश हातात धरायचे नायत, गोकुळ. मला म्हाईत हाय."

"मग काय करतीस अक्का?"

"बघते."

सरूबाई घरी ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनजवळ खुंटीला कागदाचे कापलेले नमुने लटकलेले असायचे, मापाप्रमाणं. एका नमुन्यावर कितीतरी ब्लाउज निघायचे आणि त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. एका दुपारी तिनं मला कपाटावरून काढलं, उजेडासमोर धरून बराच वेळ बघितलं आणि मोरीत नेलं. बादलीत गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा. ती मला घासू लागली तशी माझ्या अंगावरची हाडं काळ्या पाण्यात विरघळून चालली.

पुंजाराम दारात येऊन उभे राहिले. "अगं, माझा हात धुतीस का काय!"

"व्हय. लई दिवस मळला होता."

जिथं तिनं मला चिमटीत धरलं होतं, तेवढा एक कोपरा घासायचा राहून गेला. तिथं पुंजारामच्या करंगळीचं टोक अजून आहे. मला खिळ्याला टांगतात तेव्हा ते वर येतं.

आता मी पारदर्शक झालो होतो. सरूबाईनं पलंगाखालून आपल्या लग्नातला पाट काढला. पुंजारामनी स्वतःच्या लग्नासाठी दोन पाट रंगवले होते, एकेकावर एक हंस. त्यातला एक शेजारच्यांनी बारशाला म्हणून नेला तो परत आलाच नाही. उरलेल्या पाटावरचा हंस उजवीकडं बघत होता. सरूबाईनं मला त्याच्यावर ठेवलं, पेननं कडा उतरवल्या आणि ब्लेडनं कापायला बसली. तिचा हात कापडावर बसलेला. मला कापताना एकदाही अडला नाही. पंखांच्या पिसांमध्ये तिनं बारीक पट्ट्या ठेवल्या, म्हणजे आतला भाग गळून पडू नये. डोळा तेवढा सोडून दिला. भोकाच्या मधोमध ठिपका कशाला धरून राहणार? म्हणून माझ्यातल्या हंसाला डोळा नाही.

पहिला प्रयोग दुकानातल्या जुन्या फळीवर झाला. सरूबाईनं ब्रश रंगात चांगला बुडवला आणि माझ्यावरून भिंत रंगवावी तसा फिरवला. रंग माझ्या कडांखाली घुसला. मला उचललं तेव्हा खाली हंस नव्हता, पाण्यातून बाहेर आलेली भिजकी कोंबडी होती.

पुंजाराम स्टुलावर पाठ करून बसले होते. वळले नाहीत.

दुसऱ्या वेळी कोंबडी जरा सुकली. तिसऱ्या वेळी पुंजारामना राहवलं नाही. पाठमोरेच म्हणाले, "रंग लई घेतीस."

"मग किती घिऊ?"

"घेतलेला पेपरावर पुसून टाक. वाटलं पायजे की ब्रशाला आता काईच नाय. तेवढा पुरतो."

"अन् मग?"

"मग फिरवू नको. वरून टेकव. टेकव, उचल. टेकव, उचल. पोळीवर बोट दाबून बघतीस तसं."

सरूबाईनं एका जुन्या ब्रशाचे केस कात्रीनं आखूड कापले. रंग घेतला, पेपरावर पुसला आणि माझ्यावर टेकवू लागली. टप, टप, टप. माझ्यासाठी तो आवाज नवीन होता. मला सरळ वर उचललं आणि खाली स्वच्छ, धारदार कडांचा हंस बसलेला होता.

"बघा तरी," ती म्हणाली.

पुंजारामनी मान किंचित वळवून बघितलं. "साच्याचाच हाय," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

ती तेवढ्यावर थांबली नाही. राजेंद्र मिस्त्रींची मुलगी मेघा हिचं लग्न जवळ आलं होतं. वर-वधूचे दोन सागवानी पाट मिस्त्रींनी स्वतः घडवले होते, पॉलिशही केलं होतं. सरूबाई त्यांच्याकडं गेली आणि ते रंगवायला मागून आणले. मिस्त्री थोडे घुटमळले. "वैनी, घरचं काम हाय. शंभर माणसं बघणार."

"म्हणूनच मागते," ती म्हणाली. शंभर माणसांनी बघितलं तर त्यातली चार दुकानात येतील आणि किल्ली द्यायचं पुढं ढकलता येईल, असा तिचा हिशोब होता.

ज्या दिवशी पुंजाराम गोकुळबरोबर वाळूजला नोकरीचं बघायला गेले, त्याच दिवशी तिनं दुकानात पाट रंगवले. मी सांगतो, एक थेंबही माझ्याखाली घुसला नाही. तिनं मला दाबून धरलं होतं आणि श्वाससुद्धा जपून घेत होती. दोन्ही पाट भिंतीला टेकवून ठेवले आणि पदरानं कपाळ पुसलं.

दुपारनंतर मिस्त्री पाट न्यायला आले. जवळ गेले, वाकले, खूश झाले. मग दोन पावलं मागं आले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"वैनी, हे काय झालं?"

"काय झालं?"

"लग्नाच्या पाटावरची पाखरं एकमेकांकडं बघत आसतेत. भाऊ कायम तसंच काढायचे. हे बघा, हा हिकडं बघतोय, ती बी हिकडंच. नवरीनं तोंड दावलं अन् नवऱ्यानं पाठ केली. मांडवात म्हाताऱ्या बायका पयलं तेच बघतील!"

सरूबाईनं पाटांची जागा बदलली. तरी तेच. एक पाट फिरवला, तर हंस डोक्यावर उभा राहिला. तिच्याकडं एकच हंस होता, तिनं एकाचेच दोन केले होते. घरात दुसरा पाट असता तर दिसलं असतं.

"उद्याच हळद हाय," मिस्त्री हळूच म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यामुळं तिला आणखीच वाईट वाटलं. "राहू द्या. घासून साधं पॉलिश मारतो."

तेवढ्यात पुंजाराम आले. हातातल्या पिशवीत गेटवरच्या नोकरीचा निळा शर्ट होता. त्यांनी पाटांकडं बघितलं, मिस्त्रींकडं बघितलं, मग सरूबाईकडं. ती खाली फरशीकडं बघत होती. पुंजारामनी पिशवी स्टुलावर ठेवली.

"रंग वाळला का?"

"नाय अजून."

"मग रडायला काय झालं? साचा उलटा धरायचा होता."

सरूबाईनं डोकं वर केलं आणि एकदम कपाळाला हात लावला. "अगं बाई! डावी बाही, उजवी बाही! रोज उलटा करून कापते की मी!"

"बाहीला पाठ आसत नाय, म्हणून सुचलं नसंल," पुंजाराम म्हणाले. मिस्त्रींना हसू आवरेना.

पुंजारामनी टर्पेंटाइननं फडकं भिजवलं आणि एका पाटावरचा ओला हंस पुसून काढला, खालच्या पॉलिशला ओरखडा न येऊ देता. मग मला घेतलं. माझ्या अंगावरचा रंग दोन्ही बाजूंनी निपटून पुसला, कारण ओला साचा उलटा ठेवला की सगळं बरबटतं. त्यांच्या हाताचा तो मला झालेला पहिला स्पर्श. मला उलटं करून त्यांनी पाटावर ठेवलं.

"तू दाब. दोन्ही हातांनी."

"अन् रंग?"

त्यांनी आखूड केसांचा ब्रश उचलला. उजव्या हातात. सरूबाईनं माझ्या कडा दाबून धरल्या. पुंजारामनी रंग घेतला, पेपरावर पुसला आणि माझ्यावर टेकवला. टप. उचलला. टप.

ते मनगट वळत नव्हतं. पण खाली-वर होत होतं. वळण घ्यायचं काम त्याला नव्हतंच. ते माझ्या कडा करत होत्या आणि त्या कडा त्याच हातानं कधीकाळी काढलेल्या हंसाच्या होत्या. मी आतून त्या मनगटाला ओळखत होतो. त्याची सगळी हाडं एकेकाळी माझ्या अंगावर होती.

मला उचललं. दोन्ही पाट शेजारी ठेवले. दोन हंस समोरासमोर बघत होते.

"डोळा राहिला," पुंजाराम म्हणाले. त्यांनी काडेपेटीतली काडी काळ्या रंगात बुडवली आणि दोन्ही हंसांना एकेक ठिपका दिला. ठिपक्याला वळण लागत नाही. मिस्त्रींनी पाट उचलले, दारात थांबले आणि म्हणाले, "भाऊ, वाळूजला कधीपासून?"

पुंजारामनी पिशवीकडं बघितलं. "सरू, ह्या शर्टाचं काय व्हईल?"

"दोन पिशव्या व्हतील," सरूबाई म्हणाली.

किल्ली परत गेली नाही. लग्नानंतर चार नाही, पण दोन गिऱ्हाइकं आली आणि सुरुवातीला तेवढी पुरली. आता मला नवी भावंडंही झाली आहेत. कमळ, वेल, हत्ती. सगळी एक्स-रेच्याच फिल्मवर, कुणाच्या गुडघ्याची, कुणाच्या बरगड्यांची. सरूबाई कापते, दाबून धरते. पुंजाराम रंग टेकवतात आणि शेवटी डोळा देतात. गोकुळ आला की म्हणतो, "दाजी, आता तुमी बी साचेवाले!" पुंजाराम म्हणतात, "व्हय रे. ज्याला हात नाय त्यानं साचा वापरावा. मला तर तीन झालेत, एक माझा अन् दोन हिचे." अन् सरूबाई मशीनवरून नजर न काढता हसते.

मी आता म्हातारा झालोय. रंगाचे थर बसून माझ्या कडा जाड झाल्यात. मानेजवळची पट्टी तुटली होती, तिथं चिकटपट्टी आहे. कॉम्प्युटरवर कापलेले चकचकीत साचे बाजारात मिळतात. माझी फार दिवसांची सोबत उरली नाही, हे मला कळतं. माझं मागणं एवढंच आहे. हातात कोणताही साचा घ्याल तेव्हा काम झाल्यावर त्याला दोन्ही बाजूंनी पुसून ठेवा. ओला सोडलेला साचा दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कामाचा राहत नाही.

मेघाच्या लग्नानंतर मिस्त्री एकदा उरलेल्या सागवानाचा एक पाट घेऊन आले. पुंजारामनी मला उलटं धरून त्यावर हंस काढला आणि सरूबाईनं पलंगाखालचा जुना पाट आणून शेजारी ठेवला. जुना हंस हातानं काढलेला, नवा माझा. दुपारी शटर अर्धं ओढून दोघं त्या पाटांवर जेवायला बसतात. मी खिळ्यावरून बघतो. जुना हंस इतकी वर्षं पलंगाखाली अंधारात उजवीकडं बघत होता. आता तिकडून त्याच्याकडं कुणीतरी बघतंय.