ओलं वजन

पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद चौकोनातलं सोयाबीन कापून, मळून झालं आणि पाहणीवाल्या साहेबांनी पिशवी काट्याला अडकवली. तीन किलो दोनशे.

अडीच किलोच्या वर भरलं की विम्याची भरपाई नाही, हे सुनेला पाठ होतं. जमीन दुसऱ्याची, कसणारे हे. अशांचा विमा यंदा पहिल्यांदाच उतरला होता. भरपाई हुकली तर पुढच्या बियाण्याच्या कर्जासाठी बँक दारातही उभं करणार नव्हती.

"पीक बरं आलंय की, मावशी," साहेब म्हणाले.

"बरं?" सासूबाई उसळल्या. "आठवडाभर पाण्यात उभं होतं! मुठीत दाबून बघा, हात ओला होईल."

ती मात्र कडेवरच्या लेकीला थोपटत काट्याकडे बघत होती. लेक पाच महिन्यांची. एकदा दवाखान्यात थंडीच्या धास्तीने हिने तिचा ओला लंगोट तसाच ठेवला होता, तेव्हा नर्सबाईंनी झापलं होतं, "मला बाळाचं वजन हवंय, लंगोटाचं नको."

"साहेब, यात पाणीच जास्त आहे. वाळवून मोजा."

"अहो ताई, वाळेपर्यंत मी इथेच मुक्काम ठोकू?"

"नका ठोकू. पिशवी पातळ कापडाची आहे, तोंडाला तुमचं सील मारा. तीन दिवस उन्हात मी परतत बसते. आणि फॉर्मवर 'वाळल्यानंतरचं वजन' असा रकाना आहे, मागच्या पानावर. तो सगळीकडे कोराच सोडता का?"

साहेबांनी पान उलटलं. रकाना होता.

"सून शिकलेली आहे आमची," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही."

सील लागलं. तीन दिवस तिने एका हाताने लेक सांभाळली, दुसऱ्याने पिशवी पालटली. जरा सावली आली की दोघींना उचलून उन्हात. चौथ्या दिवशी साहेब आले, सील तपासलं, फोडलं.

"दाणे काढून आधी रिकामी पिशवी मोजा," ती म्हणाली.

साहेब हसले, पण मोजली. पिशवी वजा जाता दोन किलो तीनशे. रकान्यात आकडा पडला.

"सही जमीनमालकाची?"

"कसणाऱ्याची. तेही छापलंय." तिने लेक त्यांच्या हातात दिली आणि पेन घेतलं.

"चांगली वजनदार आहे हो!"

"लंगोटासकट," सही करता करता ती म्हणाली.