शेवटी जेवणारा खासदार

बाबांकडे एकच गोष्ट होती आणि निवडणुकीत ती त्यांनी गल्लोगल्ली विकली. सैन्यात असताना तुकडीतला शेवटचा जवान जेवल्याशिवाय त्यांनी कधी ताटाला हात लावला नव्हता. गोष्ट अगदी खरी होती. म्हणूनच त्यांच्या धाकट्या मुलीला, धाकटीला, तिचा जास्त राग यायचा. प्रचारात बाबा हातात डाव घेऊन कार्यकर्त्यांना वाढायचे, समोर फोटोवाल्यांची झुंबड, आणि बाबा गाडीतच पोटभर जेवून आलेले. हे घरच्यांना माहीत होतं, पण घरचे काही पेपर छापत नव्हते.

निवडून आल्यापासून बाबांनी सभागृहात तीनदा तोंड उघडलं होतं. त्यातलं एकदा जांभई द्यायला.

यावेळी मात्र बोलणं भाग होतं. माजी सैनिकांचं इस्पितळ बंद करायचा कायदा येत होता आणि त्या इस्पितळावाचून काकांचं चालत नव्हतं. काका म्हणजे बाबांच्या तुकडीतले. जखमी बाबांना त्यांनी पाठीवर टाकून नदीपार आणलं, मग दुसऱ्याला आणायला परत गेले आणि सुरुंगावर पाय पडला. आता त्यांचा नकली पाय दर काही महिन्यांनी त्याच इस्पितळात बसवून घ्यावा लागायचा, नाहीतर जखम चिघळायची. बाबांनी त्यांना शब्द दिला होता. आठवडाभर बाथरूममधून भाषणाचा असा काही गडगडाट येत होता, की शेजारच्या आजींनी पाइप फुटला का म्हणून विचारलं.

मतदानाच्या दिवशी धाकटी काकांना घेऊन प्रेक्षकांच्या सज्जात बसली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खाली पहिल्या रांगेत पक्षाचा प्रतोद बसला होता. हात कधी वर करायचा, हे तो आपल्या खासदारांना पेन्सिल उचलून सांगायचा. गोळ्यांच्या माऱ्यात वाकले नव्हते म्हणे बाबा. सभापतींनी त्यांचं नाव पुकारलं, बाबा उठले, खिशातून कागद काढला. प्रतोदाने मान वळवून नुसतं पाहिलं. बाबांनी कागदाची घडी घातली, कायद्याला पाठिंबा आहे म्हणाले आणि खाली बसले. पेन्सिल वर गेली तेव्हा सगळ्यांत आधी बाबांचा हात वर. ताठ, कोपर सरळ, अगदी कवायतीतला.

काका बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिस्त अजून आहे हो साहेबांची."

धाकटीला वाटलं, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबांनी काकांना आग्रहाने घरी जेवायला आणलं. काही वाईट वाटलंय म्हणून आणलंय, असा धाकटीचा गैरसमज दारापर्यंत टिकला. दार उघडलं तर आत पक्षाच्या मासिकाचा फोटोवाला दिवे लावून तयार होता. टेबलावर वाफाळतं सूप होतं. आईने भांडं ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. वरूनच आदेश होता, माझा नाइलाज झाला, पुढच्या अधिवेशनात बघतो, असं बाबा काकांच्या कानाशी लागून सांगत होते आणि बोलता बोलता चेहरा दिव्याकडे वळवत होते. काका खुर्चीवर टेकले. पाय दुखत असावा, मांडी दाबत होते.

बाबांनी डाव उचलला, छाती काढली. "आधी माझा जवान," ते म्हणाले. "मी शेवटी."

फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

धाकटी पुढे झाली. तिने बाबांच्या हातातून डाव घेतला, त्यांच्याच खुर्चीसमोरचा वाडगा ओढला आणि काठोकाठ भरला.

"बाबा, बसा. आज तुम्ही आधी."

आवाज चढवला नव्हता तिने. फक्त प्रतोदासारखं बघितलं होतं. बाबांनी एकदा फोटोवाल्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे, एकदा डावाकडे.

आणि बसले.

"घ्या साहेब," काका म्हणाले, "गार होईल."

बाबांनी चमचा उचलला. कॅमेऱ्याचा आवाज काही झाला नाही.